मदत हवी आहे: पहिलीचा वर्ग, तीन भाषा, आणि मला येते एकच

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याकडची, सध्या मेळघाटात धारणी तालुक्यात पहिलीला शिकवते. वर्गात बहुतेक मुलं कोरकू, थोडी गवळ्यांची, दोन-तीन घरी हिंदी बोलणारी. कोरकू ही मुंडा कुळातली, संथालीच्या नात्यातली भाषा. मराठीवरून अंदाज बांधायला गेलं की तोंडावर आपटायला होतं.

परवा पेल्याचं चित्र दाखवून विचारलं, "यात काय आहे?" सगळे गप्प. मागून एक पोरगी हळूच म्हणाली, "डा." मी फळ्यावर 'डा' आणि त्याखाली 'पाणी' लिहिलं. मग काय, अर्धा तास शब्दांचा पाऊस! एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा मुलगासुद्धा खडू मागायला आला.

पण दुसऱ्या दिवशी एका हिंदी भाषक मुलाचे वडील दारात: "मॅडम, हा कोरकू शिकायला येतो का?" त्याहून अवघड म्हणजे कोरकू पालकही तेच म्हणतात, घरची भाषा घरी येतेच, मराठी शिकवा. त्यांचंही चूक नाही. आश्रमशाळेत पुढे कोण थांबणार आहे यांच्यासाठी?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं आहे, पण पुस्तक मराठीच.

आदिवासी भागात शिकवलेल्यांनी सांगा: कोरकूवरून मराठीवर कधी आणि कसं आणलंत? देवनागरीतली कोरकू चित्रगोष्टींची पुस्तकं कुठे मिळतील? आणि पालकांना काय सांगितलंत? होळीत फगव्यासाठी (होळीचे पैसे मागत फिरायला) वर्ग रिकामा होतो, त्याआधी काहीतरी सुरू करायचंय.