मदत हवी आहे: फंक्शन जनरेटर आणि स्कोप (ऑसिलोस्कोप) एकत्र जोडले की ५० हर्ट्झचा हम (मेन्सच्या विजेची घरघर)

मंडळी, एलएम३८६ या ऑडिओ अॅम्प्लिफायर आयसीचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती गेन मिळतो ते) मोजतोय. गेन २०, सप्लाय ९ व्होल्टची बॅटरी, लोड ८ ओहम. जनरेटर हाय-झेड (लोड नाही असं धरणाऱ्या) सेटिंगवर, २ व्होल्ट पीक-टू-पीक साइन. जनरेटरच्या तोंडाशीच १ किलोओहम आणि १० ओहमचा डिव्हायडर (सिग्नल विभागून कमी करणारी रेझिस्टरची जोडी) लावलाय, म्हणजे इनपुटला सुमारे १९ मिलिव्होल्ट. तिथून मीटरभर शील्डेड केबल बोर्डापर्यंत.

आउटपुटवर सिग्नलसोबत ६० मिलिव्होल्टचा हम दिसतो. स्कोपची ग्राउंड क्लिप काढली की स्पीकरमधली घरघर तत्क्षणी थांबते, परत लावली की सुरू. म्हणजे दोन्ही उपकरणांच्या अर्थिंगमधून ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांमधून बंद वळसा) होतोय, हे नक्की.

दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावून पाहिले, केबलही बदलली. फरक नाही. ठाण्यातल्या फ्लॅटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासलंय, ठीक आहे. अर्थ पिन काढायचा सल्ला कृपया देऊ नका, ते धोक्याचं आहे. स्कोप दोन चॅनेलचा, प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणारं सेटिंग).

डिव्हायडर बोर्डाच्या टोकाला हलवला तर शील्डवरचा हमही शंभरेक पटीने कमी होईल असा माझा हिशोब आहे. प्रत्यक्षात तेवढं पुरतं का? की लॅमिंग्टन रोडवरून दोन्ही ग्राउंड वेगळे करायला ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणावा लागेल, आणि २० हर्ट्झला त्याचा आउटपुट किती कमी होतो?