अनुभव धागा: 'फक्त कागदोपत्री' लग्नाच्या कादंबऱ्या तुम्हाला का आवडतात?

मंडळी, कबुली देऊनच सुरुवात करते. आधी लग्न, मग प्रेम, मधे एक करार, अशी गोष्ट हातात आली की माझ्या रात्रीचे दोन वाजतात. कारण काहीही चालतं, मृत्युपत्रातली अट, बुडायला आलेली इस्टेट, व्हिसा. शेवट पहिल्या पानावरच माहीत असतो तरी सुटत नाही. तुम्ही या नादाला कसे लागलात? नुसतं 'मस्त असतात' नको, नेमकं काय ते लिहा. आवडत नसतील तरी या, भांडू.

चष्मेवाली:
आईच्या आजारपणात लागले. रात्री तिच्या कॉटशेजारच्या खुर्चीत फोनचा ब्राइटनेस एकदम कमी करून वाचायचे, मधेच उठून सलाईन बघायचं आणि परत पुढचं पान. गंभीर काही वाचवत नव्हतं आणि पहिल्या नजरेतलं प्रेम वगैरे आलं की चिडचिड व्हायची. एका गोष्टीत (नाव विसरले, कव्हरवर निळा गाऊन होता, पण तो सगळ्यांवरच असतो) नवरा तिच्याशी धड बोलत नाही, पण ती रात्री उशिरापर्यंत खाली वाचत बसते हे त्याच्या लक्षात आलेलं असतं, आणि तो नोकराला सांगून ठेवतो की जिन्यातला दिवा विझवायचा नाही. तिला कळतच नाही कोणी सांगितलं. आपल्याला कळतं. तिथे मी रडले, आणि त्या महिन्यात मला रडायला दुसरं कुठलंच निमित्त परवडणारं नव्हतं.

रातकिडा:
एकच पलंग. एवढं बोलून मी खाली बसतो.

अर्धवटराव:
पुरुष वाचक, हजर. मला त्यातला व्यवहार आवडतो. इंग्लंडात १८७० आणि १८८२ चे कायदे येईपर्यंत लग्न झालं की बाईच्या पैशाअडक्यावर बहुतेक नवऱ्याचाच ताबा यायचा, माहेरच्यांनी आधीच वकिलाकडून सेटलमेंट (म्हणजे तिचा पैसा तिच्यासाठी वेगळा राखणारा करार) करून घेतली असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे त्या काळातली नायिका टेबलाशी बसून 'माझ्या पैशाला हात लावायचा नाही' म्हणते ना, तेव्हा मला चुंबनाच्या सीनपेक्षा जास्त धडधडतं. तिने सही केली की परतीचा रस्ता जवळपास बंद.

पानगळ:
मी भांडायलाच आलेय. पैसा नेहमी त्याच्याकडे आणि अडचण नेहमी तिची, हे कोणालाच खटकत नाही का? आणि आजच्या काळातल्या गोष्टींत तर कारणं इतकी तकलादू, आजोबांना खूश करायला म्हणे लग्न. अरे फोन कर की आजोबांना! वर अठराव्या प्रकरणात एक गैरसमज, जो दोन वाक्यांत मिटला असता.

रातकिडा:
पानगळताई, गैरसमजाबद्दल शंभर टक्के. पण अमेरिकेच्या ग्रीन कार्डवाल्या वाचून बघा, तिथे कारण पटतं. लग्नाला दोन वर्षं झालेली नसली तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं, म्हणजे लेखिकेला आयतं घड्याळ. आणि ऑफिसर दोघांना वेगवेगळं बसवून विचारू शकतो, म्हणून हे दोघं एकमेकांचे टूथब्रशचे रंग पाठ करत बसतात आणि पाठांतर करता करता फसतात.

जुनी पानं:
जॉर्जेट हेयरची १९६१ ची 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' कोणी वाचलीय का? (पुढे शेवट फुटतोय, सांभाळून.) कर्जात बुडालेला सरदार, श्रीमंत व्यापाऱ्याची साधीशी मुलगी, आणि त्याचा जीव तिसरीवर. विशीत वाचली तेव्हा मी वैतागले होते, कारण धो धो कबुलीजबाब वगैरे काही नाहीच, त्याला फक्त हळूहळू उमगतं की आपलं घर हिच्यामुळे घर आहे. चाळिशीत परत वाचली तेव्हा वाटलं, अगं बाई, हीच तर खरी. अजूनही ठरवता येत नाही की मी शहाणी झाले की नुसती थकले.

निमूट:
पहिल्यांदाच लिहितेय. माझा प्रेमविवाह होता, होता म्हणजे आता नाही. घटस्फोटानंतर कोणीतरी असलं एक पुस्तक दिलं, हसत हसतच उघडलं. दुसऱ्या प्रकरणात दोघं समोरासमोर बसून ठरवतात, कोण कुठे झोपणार, खर्च कोण करणार, भांडण झालं तर लोकांसमोर काय बोलायचं, थांबायचं असेल तर कसं सांगायचं. मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. आम्ही सहा वर्षं एकमेकांवर जीव टाकत होतो आणि यातलं एकही वाक्य कधी बोललो नव्हतो. माझ्या दृष्टीने प्रेमात पडण्याचा सीन तोच, पुढचं सगळं बोनस. पानगळ, तुमचा पैशाचा मुद्दा मात्र मला पटतो, म्हणून मी आता ज्यात तीच अट घालते अशाच शोधते.

पानगळ:
निमूट, हे वाचून भांडायचा मूडच गेला. दोन-तीन नावं द्या, वाचते.

रातकिडा:
चष्मेवाली, ते निळ्या गाऊनचं नाव आठवलं का?

चष्मेवाली:
नाही ना. आत्ता आईला विचारलं. ती म्हणे नोकर-बिकर कोणी नाही, दिवा तो स्वतःच लावून ठेवायचा. म्हणजे बाईसाहेबांनी बऱ्या झाल्यावर गुपचूप माझ्या फोनवर वाचलंय! आता पुस्तक शोधावंच लागेल, आमच्यात पैज लागलीय.