बोंडावरचा लाल ठिपका: प्रतिमा की प्रतीक?

पऱ्हाटीवाला (पऱ्हाटी म्हंजे कापसाचं झाड), यवतमाळकडचा:
परवा गावच्या वाचनालयात एका पोरीनं कविता वाचली. आजी सुकल्या बोंडातून कापूस काढते, बोंडाचं टोक नखात घुसते अन् पांढऱ्या कापसाले लाल ठिपका लागते. वाचन झाल्याबरोबर पाहुणे बोलले, "लाल ठिपका हे शोषणाचं प्रतीक." मले बिलकुल नाही पटलं. ती प्रतिमा हाय. प्रतिमा म्हंजे जे डोळ्याले दिसते, बोटाले टोचते. प्रतीक म्हंजे ज्याच्यात लोकाईनं मिळून अर्थ भरून ठेवला, जसा चरखा पाह्यला की सेवाग्राम आठवते, कोणाले समजावून सांगा लागत नाही. ठिपक्याले प्रतीक म्हटलं की आजीचं बोट गायब अन् नुसतं भाषण उरते.

वर्धेची मास्तरीण:
भाऊ, ह्या दोन शब्दांच्या मधात कोणी धुरा नाही घातलेला. चरखा पण आधी सूत काढायचं साधनच होता ना, गांधीजींनी अन् लोकांनी इतका चालवला की प्रतीक झाला. आज प्रतिमा, उद्या प्रतीक. पाहुण्यांचं चुकलं काय?

पऱ्हाटीवाला:
चुकलं हेच, की उद्याचं आज बोलले. ठिपका आत्ता कुठं पहिल्यांदा दिसला.

भिंतीचा पेंटर:
मी शाळेच्या भिंती रंगवतो, म्हून चित्राचं सांगतो. १९३७ मधी स्पेनच्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकले, त्याच साली चित्रकार पिकासोनं त्यावर साडेतीन मीटर उंच अन् पावणेआठ मीटर लांब चित्र काढलं, त्यात बैल हाय, घोडा हाय. कोणी म्हणे बैल म्हंजे जुलूम, कोणी म्हणे स्पेनची जनता, पिकासो म्हणे बैल तो बैल अन् घोडा तो घोडा. मी पोळ्याचा बैल काढला, शिंगाले बेगड लावली, तर एक म्हातारा भिंतीवर हात ठेवून रडला, त्याचा बैल विकला होता. आता सांगा, तो माह्या चित्रात काय पाहून राह्यला होता? पाहणाऱ्यावर हाय सगळं, तुमचे दोन खाने चालत नाहीत.

झाडीची लेक:
दादा, तो त्याचा स्वतःचा बैल पाहत होता, ही आठवण झाली. प्रतीक एकट्याचं नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" अख्खं गाव वरडते. मारबत म्हंजे वाजतगाजत गावाबाहेर नेऊन जाळतात तो पुतळा. तेव्हा मारबत कशाची हे लेकरालेही ठाऊक असते. ते प्रतीक. अन् काहीजण याच्यात रूपकही घुसवतात, तेही वेगळं: माय पऱ्हाटीसारखी म्हटलं तर उपमा, माय हीच पऱ्हाटी म्हटलं तर रूपक.

पऱ्हाटीवाला:
आज त्या पोरीले इचारलं. म्हणे आजीनं बोट तोंडात घातलं, चोखलं अन् पुन्हा बोंडाले लागली, ही ओळ वहीत होती पण एवढ्या लोकांत वाचाले भेव वाटला म्हून गाळली. पुढच्या वेळी वाचाले लावतो.

वर्धेची मास्तरीण:
ती ओळ आली तर ठिपक्याला मीही प्रतीक म्हणणार नाही. चरख्याचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे.