मदत हवी आहे: तांपेरेहून हेलसिंकीकडे जातेय, नगरपालिकेच्या कराने हातातला पगार किती बदलेल?

तांपेरेकर:

नमस्कार मंडळी,

फिनलंडमध्ये नोकरी करणाऱ्या कुणाची तरी मदत हवी आहे. मी सध्या तांपेरेत राहते. हेलसिंकीत नवी नोकरी पक्की झालीय, १ डिसेंबरला रुजू व्हायचंय. पगार महिना ३,६०० युरो, शिवाय वर्षातून एकदा लोमाराहा (सुट्टीचा बोनस), म्हणजे साधारण अर्धा पगार. नवरा अजून फिनिशचे वर्ग करतोय, त्यामुळे घर एकाच पगारावर चालतं.

घरासाठी तीन पर्याय आहेत. हेलसिंकीतच एक लहान घर, शेजारच्या वांतामध्ये टिक्कुरिला स्टेशनजवळ जरा ऐसपैस, आणि ऑफिसातल्या एकीचा आग्रह की काउनियाइनेनला जा, तिथे कर सगळ्यात कमी. पुण्यात पगारातून व्यवसाय कराचे वर्षाला अडीच हजार रुपये जायचे, तेही राज्य सरकारला. महापालिकेने माझ्या पगाराला कधी हात लावला नव्हता, म्हणून हे गणित डोक्यात बसत नाहीये.

जुन्या लेखांत हेलसिंकीचा दर १८ टक्के आणि तांपेरेचा २०.२५ दिसतो. २०२३च्या तक्त्यात तेच ५.३६ आणि ७.६१. मधले बारा-तेरा टक्के गेले कुठे? माझ्या हातात तर जास्त काही आलं नाही. शिवाय हा दर पूर्ण पगारावर लागतो का? म्हणजे ३,६०० वर एक टक्का, महिना ३६ युरो, असा सरळ हिशेब धरू का?

अजून एक. तांपेरेच्या घराचा करार मुदतीचा आहे, जानेवारीअखेरपर्यंत, मधे सोडता येत नाही. तोवर मी मैत्रिणीकडे राहून ऑफिसला जाईन, नवरा इथेच राहील आणि फेब्रुवारीत सामान हलवू. नवं वेरोकोर्ती (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारं कार्ड) फेब्रुवारीपासूनच लागू होतं, मग तेव्हा नव्या पत्त्याचा दर लागेल ना?

---

उत्तरेचा_वारा:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमचे पैसे तिथे अडकलेत. नाही लागणार. कोणत्या नगरपालिकेचा दर, हे आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला ठरतं. त्या दिवशी तुमचं घर जिथे, तिथला दर पुढचं अख्खं वर्ष. फेब्रुवारीत हललात तर वर्षभर तांपेरेचाच दर भराल. (परदेशातून नव्याने आलेल्यांना वेगळा नियम आहे, आल्यावर जिथे पहिलं बस्तान बसवलं ते त्यांचं गाव.)

बारा-तेरा टक्के कुठेही गेले नाहीत, फक्त खिसा बदलला. १ जानेवारी २०२३पासून दवाखाने, सामाजिक सेवा आणि अग्निशमन ही कामं नगरपालिकांकडून काढून २१ नव्या प्रादेशिक संस्थांकडे दिली (हेलसिंकी स्वतःचं स्वतः बघते). त्यांना पैसा सरकार देतं. म्हणून सगळ्या नगरपालिकांचा दर सरसकट १२.६४ टक्क्यांनी उतरवला आणि तेवढाच सरकारी कर वाढवला. गंमत बघा: कपात सगळीकडे सारखी, म्हणून दोन गावांतला फरक तसाच राहिला. आधीही २.२५, नंतरही २.२५. तक्त्यात ओलांड बेटांवरच्या गावांपुढे अजून जुन्यासारखे मोठे आकडे दिसतील, त्यांना घाबरू नका. ती बेटं या बदलात नव्हतीच.

आता हिशेब. दर पूर्ण पगारावर लागत नाही. साडेबारा महिने धरून तुमचे ४५,००० युरो. त्यातून पेन्शन, बेरोजगारी विमा आणि आजारपण भत्त्याचा हप्ता मिळून २०२५च्या दरांनी साडेआठ टक्क्यांच्या आसपास वजा होतात. मग नोकरदाराला आपोआप मिळणारी ७५० युरोंची वजावट. उरतात साधारण ४०,४००. म्हणजे एक टक्का = वर्षाला ४०४, महिन्याला ३४ युरो. तुमचा ३६चा अंदाज फार लांब नव्हता.

तक्ता २०२३चा आहे, तोच धरतो. हेलसिंकी तांपेरेपेक्षा २.२५ने कमी, म्हणजे वर्षाला ९०९ युरो. वांता ६.३६, म्हणजे वर्षाला ५०५. काउनियाइनेन ४.३६, हेलसिंकीपेक्षा महिन्याला फक्त ३४ युरो जास्त हातात. त्या टुमदार श्रीमंत गावात घरभाडं विचारून बघा, ३४ युरो कुठे गेले कळणारही नाही. त्या वर्षी ओलांड सोडून देशातला सर्वांत जास्त दर हाल्सुआ गावाचा होता, १०.८६. दोन टोकांमध्येही महिन्याला सव्वादोनशेच्या आतच फरक येतो.

चर्चचा कर फक्त लूथरन किंवा ऑर्थोडॉक्स चर्चच्या सदस्यांना. तुम्ही नसाल तर तो मनातून काढून टाका.

---

टिक्कुरिलाकर:

वरचा हिशेब बरोबर आहे, पण ताई, तिकीट विसरू नका. टिक्कुरिला सी झोनमध्ये येतं, त्यामुळे हेलसिंकीच्या मध्यात जायला एबीसीचा पास लागतो. हेलसिंकीत राहिलात तर एबीवर भागतं. कराचे ३४ आणि पासातला फरक, दोन्ही भाड्यातून वाचत असतील तरच वांता. आमच्याकडे दोघं कमावतात, आणि इथे नवराबायकोचा कर वेगवेगळा लागतो, म्हणून दरातला फरक आम्हाला दोन्ही पगारांत सोसावा लागतो. तरीही मोठ्या घरासाठी इथेच राहिलो. नवरा पुढेमागे नोकरीला लागला की तुम्हालाही हे गणित पुन्हा मांडावं लागेल.

---

तांपेरेकर:

दोघांचेही खूप आभार. ३१ डिसेंबरची भानगड मला कुणीच सांगितली नव्हती! मग मैत्रिणीचा पत्ता डिसेंबरमध्येच नोंदवून टाकला तर? की सरळ डिसेंबरअखेर दोघं हलू? इथलं जानेवारीचं भाडं, ८२० युरो, तसंही भरायचंच आहे. नव्या घराचं मात्र एक महिना जास्तीचं पडेल.

---

उत्तरेचा_वारा:

मैत्रिणीचा पत्ता नको. नवरा, सामान, करार सगळं तांपेरेत असताना तुमचं घर तांपेरेतच धरलं जातं. कागद हलवून काही होत नाही, आणि विचारणा झाली तर उगीच मनस्ताप. खरंच हललात तर नोंद मात्र लगेच करा, हलल्यापासून आठवड्याच्या आत करायचीच असते.

वांताच ठरत असेल तर घाई नको, ५०५ वाचवायला जास्तीचं भाडं कशाला? हेलसिंकीसाठी ९०९ आणि एक महिन्याचं भाडं जवळपास फिटंफाट होतं. तेव्हा कर बाजूला ठेवा, दोन महिने मैत्रिणीच्या सोफ्यावर काढायचेत का एवढंच ठरवा.

पुढच्या वर्षाचे दर नगरपालिकांना १७ नोव्हेंबरपर्यंत कळवावे लागतात, म्हणजे तुमच्या हाती वेळ आहे. २०२४पासून हे दर एकाच दशांशापर्यंत ठरतात, हेलसिंकीचा तेव्हा ५.३ झाला. बाकीचे कर खात्याच्या तक्त्यात ताजे बघून वरच्या गणितात घाला, एक टक्क्याला ३४ युरो.

आणि रुजू होण्याआधी ओमावेरोमध्ये (कर खात्याची ऑनलाइन सेवा) वर्षाच्या कमाईचा अंदाज दुरुस्त करून नवं कार्ड काढा. कंपनीकडे कार्डच पोचलं नाही तर ६० टक्के कापतात. नंतर परत मिळतात, पण डिसेंबरचं भाडं त्यातून देता येत नाही.