सोसायटी ग्रुप : आवाजावर कूलर, आवाजावर गीझर

सी-३०२ : नमस्कार मंडळी. लोखंडी कूलरचा पंप आधी आणि पंखा पाच मिनिटांनी, असं अलेक्साला (आवाजावर चालणाऱ्या ॲमेझॉनच्या स्पीकरला) एकदाच सांगून करता येतं का? पंपाची वायर वेगळी आहे. प्लग किती ॲम्पिअरचे घ्यायचे?

ए-६०४ : येतं ताई. पंप वेगळा आहे म्हणूनच जमेल. दोन स्मार्ट प्लग (वायफायवरून चालू-बंद होणारे प्लग) घ्या, एक पंपाला, एक पंख्याला. घरगुती कूलरचा पंखा साधारण १५० ते २५० वॅट, पंप २०-४० वॅट, म्हणजे १० ॲम्पिअरचे प्लग भरपूर झाले. ॲपमध्ये त्यांची नावं 'पंप' आणि 'जाळी पंखा' अशी एकमेकांपासून लांबची ठेवा. 'कूलर एक', 'कूलर दोन' ठेवलं की घोळ होतो.

मग अलेक्साच्या ॲपमध्ये मोअर, रूटीन्स (एका वाक्यावर लागोपाठ होणारी कामं), वरचं प्लसचं चिन्ह. ट्रिगर, म्हणजे रूटीन कशाने सुरू व्हायचं, तिथे व्हॉइस निवडून वाक्य लिहायचं. पुढे कृती याच क्रमाने : पंप ऑन, वेट ५ मिनिटं, जाळी पंखा ऑन. तेवढ्यात जाळीतला वाळा किंवा वूड वूल (लाकडाचा भुसा-तंतू) भिजतं आणि पहिला झोत गरम येत नाही.

सी-३०२ : वाक्य मराठीत चालेल?

ए-६०४ : अलेक्सा हिंदी आणि इंग्रजी ऐकते, मराठी नाही. म्हणून दोन्हीकडे सारखेच असणारे शब्द घ्या. 'संत्रा मोड' बघा, आजींच्या तोंडीही बसतं आणि गप्पांमध्ये चुकून येत नाही. 'कूलर चालू करो' मात्र ठेवू नका. ते वाक्य ती साधी कमांड समजून 'कूलर' नावाचं डिव्हाइस शोधायला जाऊ शकते. आणि रूटीन चाललं नाही तर अंदाज बांधत बसू नका. मोअरमध्ये ॲक्टिव्हिटी, तिथे व्हॉइस हिस्ट्री. तिने नेमकं काय ऐकलं ते अक्षरशः लिहिलेलं दिसतं. 'संतरा मूड' असं ऐकलं असेल तर तेही त्याच रूटीनमध्ये दुसरं वाक्य म्हणून टाकून द्या.

बी-२०१ : वायरिंगचं मी सांगतो, कारण कूलरमध्ये खरा धोका तिथेच आहे. प्लगमधला रिले (आतला स्विच) बहुतेक वेळा एकच तार तोडतो. बोर्डात फेज (करंटची तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे असतील तर ॲपवर 'ऑफ' दिसतं आणि पंपात फेज तसाच राहतो, तोही पाण्यात बुडलेला. आधी टेस्टरने बोर्ड तपासा. सॉकेटच्या समोर उभं राहिल्यावर, अर्थिंगचं मोठं भोक वर असताना, फेज उजवीकडे हवा. कूलरच्या पत्र्याला अर्थिंग पाहिजेच, आणि घरात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर ती प्लगच्या आधी बसवा.

पाणी भरताना ॲपवर 'ऑफ' करून भागत नाही. भिंतीवरचं बटण बंद करून पिन बाहेर काढा. नाहीतर टाकीत हात असताना आतल्या खोलीतून एखादं पोट्टं 'संत्रा मोड' म्हणालं तर पंप सुरू होणारच.

सी-३०२ : हे फार महत्त्वाचं सांगितलंत भाऊ. कूलरवरच चिकटवून ठेवते.

ई-५०३ : आमचा कूलर प्लास्टिकचा, टच पॅनेलवाला आहे. त्याला जमेल?

ए-६०४ : प्लगने नाही जमणार. टच पॅनेलवाले बहुतेक कूलर वीज आल्यावर स्टँडबायमध्येच थांबतात. रिमोट असेल तर आयआर ब्लास्टर (रिमोटसारखेच सिग्नल पाठवणारी डबी) लावा, पण तो कूलरला समोरासमोर दिसला पाहिजे. शिवाय रिमोटवर चालू-बंदचं बटण एकच असेल तर ब्लास्टरला कूलरची खरी स्थिती कळत नाही, आधीच चालू असलेला कूलर 'ऑन' म्हटल्यावर बंद होतो. गोल नॉबवाला कूलर यासाठी सगळ्यात चांगला.

डी-१०१ : गीझरलाही असंच २० मिनिटांचं वेट लावून 'ऑफ' टाकलं तर?

बी-२०१ : प्लग १६ ॲम्पिअरचाच घ्या काका. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ ॲम्पिअर, ३००० वॅटचा असेल तर १३. दहावाला प्लग पहिल्यात सतत तापत राहील, दुसऱ्यात वितळू शकतो.

ए-६०४ : आणि 'ऑफ' रूटीनच्या भरवशावर सोडू नका. मधल्या २० मिनिटांत इंटरनेट गेलं तर 'ऑफ' प्लगपर्यंत पोचतच नाही. कोणी प्लगचं बटण दाबून गीझर लावला तर रूटीन सुरूच झालेलं नसतं. आपोआप बंद होण्याची सोय प्लगमध्येच हवी. घेतानाच विचारा, ऑटो-ऑफ किंवा इंचिंग (ठरलेल्या वेळाने प्लग स्वतःच बंद होणं) आहे का, आणि ते इंटरनेटशिवाय चालतं का. सेटिंगमध्ये 'पॉवर-ऑन स्टेट' (लाइट परत आल्यावर प्लग कसा राहील)ही बघा. ते 'ऑफ' ठेवा. 'ऑन' राहिलं तर दुपारी लाइट जाऊन आली की घरात कोणी नसताना गीझर तापत बसतो. कूलरच्या पंपालाही हेच, टाकी कोरडी असेल तर पंप जळतो.

सी-३०२ : प्लग जोडताना 'डिव्हाइस सापडत नाही' आलं तर?

ए-६०४ : बहुतेक प्लग २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. राउटरमध्ये २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या, जोडणी होईपर्यंत फोन २.४ वर ठेवा. राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता राउटर घेतला तर लाइट गेल्यावर वायफाय दिसतं पण अलेक्सा ऐकत नाही.

बी-२०१ : ताई, आज संध्याकाळी सहानंतर टेस्टर घेऊन येतो. कूलरच्या बोर्डापर्यंत पोचता येईल असं सामान हलवून ठेवा.