मदत हवी आहे: आईला भोपाळचं मानव संग्रहालय दाखवायचंय

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला घेऊन इंदूरहून भोपाळला जायचं आहे, श्यामला हिल्सवरचं मानव संग्रहालय बघायला. आईचं बालपण देवासजवळच्या शेतावर गेलं. तिथलं घर, गोठा, सगळं विकलं गेलं. राहिलं फक्त तिफणीचं, म्हणजे पेरणीच्या अवजाराचं, लाकडी चाडं; बी सोडायचा वाडगाच तो. पेरणीला आजी चाड्यावर मूठ धरायची, त्यामुळे त्याची एका बाजूची कड झिजून गुळगुळीत झाली आहे. आई अजूनही त्यावरून बोट फिरवत बसते. म्हणूनच तिला संग्रहालयातली वेगवेगळ्या समाजांची मातीची घरं दाखवायची आहेत. ती त्या त्या समाजाच्या लोकांनीच येऊन बांधली आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. आवार सुमारे २०० एकरांचं, त्यात चढउतार. व्हीलचेअर घरांच्या अंगणापर्यंत जाते का? स्वतःची गाडी आत नेऊ देतात का? सोमवारी बंद असतं, म्हणून मंगळवार धरलाय. एवढ्यात कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर कुठून सुरुवात करावी तेही सांगा. सकाळी पोहे खाऊन निघालो तर दुपारचं ऊन लागेल का, की मुक्कामच करावा?

आणखी एक. हे चाडं एखाद्या संग्रहालयाला द्यायचं झालं, तर कुणाशी बोलावं? आईची तयारी आहे, पण ते नीट जपलं जावं.