पदरचे पैसे घालून पुस्तक काढताना संपादकाबरोबर काम केलंय? अनुभव सांगा

मौज प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकाकडून एकेक कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत, हे आपण ऐकत आलोय. तिथे संपादक प्रकाशनाचा असे. पदरमोड करणाऱ्याला तो शोधावा लागतो आणि मानधनही स्वतःच द्यावं लागतं, म्हणून पहिली काट याच खर्चाला बसते. मीही तेच केलं. पहिल्या कादंबरीच्या 500 प्रती छापल्या आणि मग एका वाचकाने कळवलं, की नायिकेच्या आईचं नाव शंभराव्या पानानंतर बदललंय. चार मित्रांनी हस्तलिखित वाचलं होतं, तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी संपादक घेतला. तुम्ही काय केलंत?

*

मी एसटीत 31 वर्षं वाहक होतो. आठवणी वहीत लिहिल्या, नातवाने टाइप करून दिल्या. संपादक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मला संगणकावर वाचवत नाही, म्हणून त्यांनी रुंद समास सोडून प्रिंट काढले आणि पेन्सिलीने प्रश्न लिहून पाठवले. चुका म्हणाल तर होत्याच. एकाच वाक्यात 'असे' आणि 'असं' दोन्ही. त्यांनी निवेदन आणि संवाद वेगळे करून सगळीकडे एक पद्धत लावली.

पण मला खरे उपयोगी पडले ते त्यांचे प्रश्न. "वेबिल म्हणजे काय, हे वाचकाला कसं कळणार?" (वेबिल म्हणजे वाहकाचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद.) आणि घाटात गाडी बंद पडली त्या रात्रीबद्दल: "हे दीड पानात उरकलंत. तेवढ्या माणसांनी त्या रात्री खाल्लं काय?" वाचलं आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. गाडीत लग्नाहून परतणारी मंडळी होती, त्यांनी बुंदीची टोपली सोडली, एका म्हातारीने स्वतःची भाकरी मोडून ड्रायव्हरला दिली. दीड पानाची 11 पानं झाली. आज भेटणारा प्रत्येक जण त्याच रात्रीबद्दल बोलतो.

सत्कारांची तीन पानं त्यांनी काढायला सांगितली तेव्हा मात्र लागलं मनाला. दोन दिवस फोन उचलला नाही. शेवटी ती नावं ऋणनिर्देशात गेली, आणि ते बरंच झालं.

*

अकोल्याचा आहे मी. कथा वऱ्हाडीत. पहिल्या संपादकाने न विचारता 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन'चं 'का' केलं. फाइल उघडली तर माझी माणसं माझ्याशी परक्यासारखी बोलत होती. अर्धे पैसे आगाऊ गेले होते, ते सोडले. दुसरे संपादक अमरावतीकडचे. त्यांनी हात लावायच्या आधी शब्दांचा तक्ता केला: 'माह्या' की 'माया', 'हाये' की 'हाय'. दोघांनी बसून एकेक रूप ठरवलं. बोलीतही मी किती ठिकाणी घसरलो होतो, ते तेव्हा कळलं. बोली म्हणजे कसंही लिहा असं नाही, हे मला त्यांनी शिकवलं.

*

आईच्या पाककृतींचं पुस्तक, रत्नागिरी. मी लिहिलं होतं, 'वाटीभर चव घाला.' आमच्याकडे खवलेल्या ओल्या नारळाला चवच म्हणतात. संपादक नागपूरच्या. त्यांनी समासात लिहिलं, "चव कशी मोजायची? आणि वाटी कोणती?" मग आईची वाटी पाण्याने भरून मोजली.

*

मी संपादनच करते, पुण्यात, 14 वर्षं. संपादन, मुद्रितशोधन (शुद्धलेखनाच्या आणि छपाईच्या चुका काढणं) आणि मांडणी (छपाईसाठी पानं लावणं) ही तीन वेगळी कामं आहेत. लोक तिन्हींचे पैसे एकात धरतात आणि मग दोन्हीकडून नाराजी होते. श्रीलिपीतली (जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली) फाइल असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणा आणि मगच संपादनाला द्या, कारण फॉन्ट बदलताना रफार आणि जोडाक्षरं मोडतात, आणि झालेली मेहनत वाया जाते. मांडणी झाल्यावर पुन्हा एकदा प्रुफं वाचायची. काम ठरवण्याआधी दहा पानं नमुन्याला द्या. नुसत्या वेलांट्या सुधारून परत आली, तर तो माणूस चांगला मुद्रितशोधक असेल, पण तुम्हाला हवं ते काम ते नव्हे. आणि न विचारता शब्द बदलणारा असेल, तर वर अकोल्याच्या लेखकांचं झालं तसंच होतं.

*

अकोल्याहून पुन्हा. ताई, नमुन्याची पानं देताना मी आता संवादाचीच देतो. निवेदन कोणीही सांभाळतं.